आवडेल तेथे, पण पॅसेंजरनं

(पडद्यावर: पहाट. टोकियो स्थानक. रिकामे फलाट, मग एका फलाटावरची रांग.)

पहाटेचे सव्वापाच वाजलेत. शिंकानसेनच्या फलाटांवर अजून सामसूम आहे, कारण बुलेट ट्रेनचा दिवस उजाडतो सहाला. शेजारी तोकाइदो मार्गाच्या साध्या गाडीसाठी मात्र माणसं रांगेत उभी आहेत. पाठीवर सॅक, हातात वेळापत्रकाचं जाडजूड पुस्तक. कुणी विशीतलं, कुणी सत्तरीतलं. कामावर निघालेत असं त्यांच्याकडे बघून वाटत नाही.

यातल्या बऱ्याच जणांच्या खिशात एकच तिकीट आहे. त्याचं नाव सेइशुन जूहाची किप्पू. सेइशुन म्हणजे तारुण्य, जूहाची म्हणजे अठरा, किप्पू म्हणजे तिकीट. नावात अठरा असले तरी वयाची अट नाही. सत्तरीतले आजोबा तारुण्याचं तिकीट काढून आत जातात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा पास ज्यांनी वापरलाय त्यांना ही कल्पना समजावून सांगायला नको. चार दिवस किंवा सात दिवस, पैसे एकदाच भरायचे आणि मग गाडी कुठलीही धरायची. हे त्याचंच रुळांवरचं भावंड. फक्त याला एक कडक अट आहे, गाडी साधी हवी. प्रत्येक स्थानकावर थांबणारी, फार तर काही थांबे गाळणारी. शिंकानसेन चालत नाही, एक्स्प्रेसही नाही. ‘वरचे पैसे भरतो, बसू द्या’ म्हटलंत, तर नुसता अधिभार भरून भागत नाही. त्या टप्प्याचं मूळ भाडंही पुन्हा भरावं लागतं.

(पडद्यावर: जुन्या गाड्यांची छायाचित्रं.)

हे तिकीट आलं १९८२ साली. तेव्हा जपानची रेल्वे सरकारी होती आणि कर्जात रुतलेली होती. शाळा-कॉलेजांना सुट्ट्या लागल्या की रोज ये-जा करणारे विद्यार्थी नाहीसे होत आणि साध्या गाड्या रिकाम्या धावत. मग त्याच सुट्ट्यांत त्याच गाड्यांची जागा स्वस्तात विकायची ठरली. म्हणून हे तिकीट आजही वर्षभर मिळत नाही. वसंतात, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात, सुट्ट्या असतील तेव्हाच मिळतं. १९८७ मध्ये त्या सरकारी रेल्वेचे तुकडे झाले, प्रवासी गाड्या सहा कंपन्यांकडे गेल्या. सहाही कंपन्यांत हे तिकीट चालत राहिलं.

आता हिशेब. कंटाळा येईल, पण पास निवडताना तो कागदावर मांडावाच लागतो.

पाच दिवसांचं तिकीट १२,०५० येनला. दिवसाला पडले २,४१० येन. तेवढ्या पैशांत साधं तिकीट काढलं तर जेमतेम १४० किलोमीटर जाता येतं. मुंबईहून निघालात असं धरलं तर लोणावळ्याच्या थोडं पुढे. म्हणजे दिवसभरात त्याहून जास्त फिरणार असाल तर पास वसूल, कमी फिरणार असाल तर साधं तिकीट बरं. तीन दिवसांचं तिकीट १०,००० येनला आहे. तिथे दिवस महाग पडतो, ३,३३३ येनला. मग वसुलीसाठी रोज १८० किलोमीटरच्या वर जायला हवं. दोन तिकिटांत फरक २,०५० येनचा आणि त्यात दोन दिवस जादा मिळतात. दुकानातली मोठी बरणी नेहमी अशीच स्वस्त वाटते. पण चौथ्या-पाचव्या दिवशी तुम्ही खरंच गाडीत बसणार आहात का, ते आधी स्वतःला विचारा.

परदेशी पाहुण्यांना सगळे जण सुचवतात तो पास वेगळा, जपान रेल पास. त्यात शिंकानसेन चालते. सात दिवसांचा हा पास २९,६५० येनला मिळायचा, तेव्हा डोळे मिटून घ्यावा असाच होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो एकदम ५०,००० येन झाला. टोकियोहून क्योटो, तिथून हिरोशिमा आणि परत टोकियो, एवढी मोठी फेरी सुटी तिकिटं काढून केली तरी साधारण पंचेचाळीस-सेहेचाळीस हजारांत होते. शिवाय सगळ्यांत वेगवान नोझोमी गाडीत बसायचं तर या पासवर वेगळे पैसे पडतात. लोक तरीही सवयीनं तो घेतात. सात दिवसांत देश उभा-आडवा पालथा घालणार असाल तर जरूर घ्या. नुसतं टोकियो आणि क्योटो करायचं असेल, तर त्यात पैसे बुडतात.

(पडद्यावर: साध्या गाडीच्या खिडकीतून दिसणारा समुद्र. मग फुजी.)

अठराच्या तिकिटावर टोकियोहून ओसाकाला एका दिवसात जाता येतं. अंतर साडेपाचशे किलोमीटर, साधं भाडं नऊ हजारांच्या जरा आत. तेच २,४१० येनमध्ये. वेळ मात्र शिंकानसेनला अडीच तास आणि आपल्याला नऊ-दहा. वाटेत आतामी, हामामात्सु, तोयोहाशी, माइबारा अशा बदल्या करत जायचं.

यात शिझुओका प्रांत सगळ्यांचा घाम काढतो. आतामीपासून तोयोहाशीपर्यंत जवळजवळ १९० किलोमीटर. जलद गाड्या जवळपास नाहीत आणि बरेचसे डबे मेट्रोसारखे, भिंतीला पाठ लावून बसायच्या लांब बाकांचे. समोर खिडकी असते, पण खिडकीपुढे समोरच्याचं डोकं. पश्चिमेला जाताना फुजी उजव्या हाताला येतो आणि युइच्या आसपास डावीकडे समुद्र, म्हणजे मान दोन्हीकडे वळवत राहायची. बदलीच्या स्थानकात दार उघडलं की मंडळी समोरच्या फलाटाकडे धावत सुटतात, म्हातारेसुद्धा. ओगाकी स्थानकातली ही पळापळ इतकी प्रसिद्ध आहे की तिला ‘ओगाकी डॅश’ असं नावच पडलंय. दादरला गाडी बदललेल्या माणसाला त्याचं प्रशिक्षण लागत नाही.

माझं मत विचाराल तर ओसाका गाठण्यासाठी हे तिकीट घेऊ नये. पैसे वाचतात, दिवस जातो. हे तिकीट घ्यावं ते ज्या फाट्यांवर एक्स्प्रेस जातच नाही, त्यांच्यासाठी. तिथे पॅसेंजर हीच सगळ्यांत वेगवान गाडी असते, मग हळू जाण्याचा प्रश्नच राहत नाही.

(पडद्यावर: जुन्या तिकिटावरचे पाच शिक्के. मग स्थानकात शिरायचं स्वयंचलित फाटक.)

२०२४ च्या हिवाळ्यापासून या तिकिटाचा स्वभाव बदलला. पूर्वी त्यावर पाच रकाने असत. सकाळी स्थानकात शिरताना फाटकावरचा माणूस एका रकान्यात शिक्का मारी, की तो दिवस तुमचा. पाच दिवस सलग असायची गरज नव्हती. आज जा, चार दिवस घरी बसा, पुन्हा जा. पाच मित्रांनी मिळून एकच तिकीट एका दिवसात वापरलं तरी चालायचं. आता तिकीट एकाच माणसाचं आणि दिवस सलग. मोबदल्यात काय मिळालं, तर ते स्वयंचलित फाटकातून जातं. शिक्क्यासाठी खिडकीशी उभं राहावं लागत नाही. ज्यांना फक्त अंतर कापायचं आहे त्यांना याचं काही वाटणार नाही. पण एखादं गाव आवडलं, पावसानं गाठलं, पाय दुखले म्हणून एक दिवस थांबलात, की तो दिवस तिकिटातून गेला. जुनं तिकीट भटक्यांसाठी होतं. नवं तिकीट वेळापत्रक पाठ असलेल्यांसाठी आहे.

(पडद्यावर: योकोकावा स्थानक. संपलेले रूळ.)

आता नकाशातली भोकं, म्हणजे हे तिकीट जिथे चालत नाही ते तुकडे. ती बघायला हे योकोकावा स्थानक चांगलं.

इथे रूळ संपतात. पूर्वी संपत नव्हते. समोरच्या उसुई घाटातून गाडी वर कारुइझावाला जायची. चढ केवढा, तर १५ मीटरला एक मीटर. आपला बोरघाट ३७ ला एक आहे, आणि तो चढायला कर्जतला गाडीमागे बँकर इंजिनं लावावी लागतात. इथेही तेच व्हायचं. इंजिनं जोडेपर्यंत गाडी थांबायची आणि त्या वेळात फलाटावर मातीच्या छोट्या मडक्यातला गरम भात विकला जायचा. चिकन, मशरूम, लावीचं अंडं आणि शेवटी एक जर्दाळू. १९५८ पासून विकताहेत. कर्जतचा वडा ज्या कारणानं नावारूपाला आला, त्याच कारणानं हा भातही. घाट नसता तर दोन्ही नसते.

१९९७ मध्ये शिंकानसेन नागानोपर्यंत गेली आणि हा ११ किलोमीटरचा घाट बंद झाला. वर कारुइझावाच्या पुढचा जुना मार्ग एका स्थानिक कंपनीकडे सोपवला गेला. जपानभर हेच घडत गेलंय. शिंकानसेन आली की तिला समांतर धावणारा जुना मार्ग प्रांतिक सरकार आणि स्थानिक भांडवल मिळून काढलेल्या कंपनीच्या गळ्यात पडतो. रूळ तेच, स्थानकं तीच, पण आपलं तिकीट तिथे चालत नाही. २०१५ मध्ये कानाझावापर्यंत आणि मार्च २०२४ मध्ये त्सुरुगापर्यंत शिंकानसेन पोचली, तेव्हा जपान समुद्राच्या बाजूचा लांबच लांब पट्टा असा हातातून गेला. काही तुकड्यांवर सवलत आहे, पण ती केवळ आरपार जाण्यासाठी. मधल्या स्थानकावर पाय खाली ठेवलात की भाडं भरा. नवा मार्ग शोधणाऱ्याचा खिसा इथेच कापला जातो, आणि तोही बहुतेक वेळा न कळत.

यावर एक तोड आहे. उत्तरेकडेच फिरायचं असेल तर होक्काइदो आणि पूर्व जपान असा एक वेगळा पास मिळतो. साध्या गाड्यांचाच, सलग सात दिवसांचा. किंमत अठराच्या पाच दिवसांच्या तिकिटाच्या आसपास. मोरिओकापासून आओमोरीपर्यंत ज्या दोन स्थानिक कंपन्यांनी जुना मार्ग घेतला, त्यांच्या गाड्याही यात चालतात. पश्चिमेला, शिकोकूला किंवा क्यूशूला जाणार असाल तर हा कामाचा नाही. ऑक्टोबरात पानं लाल व्हायला लागतात तेव्हा अठराचं तिकीट बंद असतं, पण रेल्वे दिनाच्या सुमारास सलग तीन दिवसांचा एक पास निघतो. १४ ऑक्टोबर हा त्यांचा रेल्वे दिन. १८७२ मध्ये टोकियोतल्या शिंबाशीहून योकोहामाला गाडी धावली त्याची आठवण. बोरीबंदर-ठाण्याला तोवर एकोणीस वर्षं झाली होती, हे मनातल्या मनात म्हणून घ्यायला हरकत नाही.

(पडद्यावर: दरीतला पूल. धुक्यातून जाणारी दोन डब्यांची गाडी.)

आम्ही उन्हाळ्यात तीन दिवसांचं तिकीट घेतलं आणि तादामी मार्ग निवडला.

पहिला दिवस गाड्या बदलण्यातच गेला. उत्सुनोमिया, कुरोइसो, शिन-शिराकावा, कोरियामा, आणि संध्याकाळी आइझु-वाकामात्सु. दुसऱ्या दिवशी तिथून कोइदेपर्यंत १३५ किलोमीटर. या अंतराला डिझेलवरची गाडी साडेचार तासांच्या आसपास घेते. आणि मधल्या डोंगराळ भागातून दिवसाला जायच्या तीन आणि यायच्या तीन, एवढ्याच गाड्या. एक चुकली की बेत कोसळला. त्यामुळे मुक्कामाचं ठिकाण आधी ठरवून मग गाडी शोधण्यात अर्थ नाही. आधी ही गाडी धरायची, बाकी सगळं तिच्याभोवती बसवायचं.

२०११ च्या जुलैत इथे भयंकर पाऊस झाला. तादामी नदीनं तीन पूल वाहून नेले. आइझु-कावागुची ते तादामी हा २८ किलोमीटरचा तुकडा अकरा वर्षं बंद होता. रेल्वे कंपनीचं म्हणणं, बस चालवू. गाड्यांत माणसंच नसतात. खोऱ्यातली गावं अडून बसली. शेवटी रूळ आणि पूल फुकुशिमा प्रांताच्या मालकीचे झाले, गाड्या कंपनीनं चालवायच्या असं ठरलं, आणि १ ऑक्टोबर २०२२ ला गाडी पुन्हा सुरू झाली.

खिडकीतून नदी कधी डावीकडे दिसते, कधी उजवीकडे. पाणी हिरवं आणि इतकं संथ की डोंगर त्यात उलटे उभे. मिशिमाच्या जवळ एका कमानीच्या पुलावर गाडी वेग कमी करते. वरच्या टेकडीवर त्याच क्षणासाठी कॅमेरे रोखून बसलेली माणसं असतात. त्यांना गाडी हवी असते, आपल्याला दरी, त्यामुळे भांडण नाही. डब्यात शाळेचा गणवेश घातलेल्या दोन मुली होत्या. त्यांनी संपूर्ण वेळ एकदाही बाहेर पाहिलं नाही.

टोकियो, आइझु-वाकामात्सु, कोइदे, टोकियो. साधारण ६६० किलोमीटरची फेरी. साधी तिकिटं काढली असती तर दोन दिवसांतच दहा हजारांच्या वर गेले असते. म्हणजे तिसरा दिवस फुकटात पडला.

(पडद्यावर: कोइदे स्थानक. संध्याकाळ.)

कोइदेला उतरलो तेव्हा ऊन कलत होतं. इथून दोन स्थानकं पुढे उरासाला शिंकानसेन थांबते. ती धरली असती तर दीडेक तासात टोकियो. आम्हाला मात्र एचिगो-युझावा, मग मिनाकामी, मग ताकासाकी असं उतरत जायचं होतं. डोंगराच्या त्या पट्ट्यात साध्या गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या, पण तिथे गाडी बोगद्याच्या आत गोल वळण घेत खाली येते, ते चुकवायचं नव्हतं.

गाडीला वेळ होता. प्रतीक्षालयातल्या बाकावर तिकीट काढून पाहिलं. एक दिवस शिल्लक होता, आणि तो उद्याच वापरायचा होता. वेळापत्रकाचं पुस्तक पुन्हा उघडलं.