पोच घेतली होती का?

नमस्कार मंडळी. आज वकिलीबद्दल बोलणार आहे, पण टीव्हीवरच्या खूनखटल्यांच्या वकिलीबद्दल नाही, नगरपालिका, महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांच्या कायद्याची जी वकिली असते तिच्याबद्दल. घरपट्टी, बांधकाम परवानगी, रस्त्यातलं अतिक्रमण, कचऱ्याचं टेंडर, वॉर्डातली निवडणूक, सरपंचावरचा अविश्वास ठराव, हे सगळं त्यातच येतं. वीस वर्षं मी हेच काम करतेय आणि लॉ करणारी मुलं मला विचारतात की मॅडम यात करिअर आहे का? आहे. पुन्हा सांगते, आहे. कसं आहे ते सांगायला मला एक गोष्ट सांगावी लागते, ती येईलच, आधी थोडी पार्श्वभूमी.

पहिली अडचण अशी की कायदा एक नाही. मुंबई शहराला १८८८ चा वेगळा कायदा, तो घडवण्यात फिरोजशहा मेहतांचा मोठा हात होता आणि ते स्वतः वकील होते हे मला नेहमी आवर्जून सांगावंसं वाटतं. बाकीच्या महापालिकांना १९४९ चा, नगरपरिषदा आणि नगरपंचायतींना १९६५ चा, जिल्हा परिषदेला १९६१ चा, ग्रामपंचायतीचा आणखी वेगळा आणि या सगळ्यांच्या डोक्यावर १९६६ चा नगररचना कायदा, ज्याला सगळे एमआरटीपी म्हणतात. त्यात १ जून १९९३ पासून ७४ वी घटनादुरुस्ती लागू झाली, बाराव्या अनुसूचीत १८ विषय आले आणि नगरपालिका ही राज्याच्या मेहेरबानीवर नाही तर घटनेच्या आधाराने उभी राहिली. कॉलेजात हे सगळं दोन लेक्चरमध्ये उरकतात, मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण माणसाच्या रोजच्या जगण्याला सगळ्यात जवळचा कायदा हाच आहे.

आता गोष्ट. २००६ सालची. मी ज्युनियर होते, वकिलीची सनद मिळून जेमतेम वर्ष झालेलं. हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, माझ्या सीनियर सरांच्या ऑफिसमध्ये एक निवृत्त गुरुजी आले. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावचे, गावाचं नाव सांगत नाही. हातात कापडी पिशवी, पिशवीत प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली कागदपत्रं. त्यांच्या वडिलांची १२ गुंठे जागा होती, विकास आराखड्यात तिच्यावर बगीचाचं आरक्षण पडलं होतं १९९० ला. पंधरा वर्षं नगरपरिषदेने ना जागा घेतली, ना पैसे दिले, ना सोडली. गुरुजींना तिथे घर बांधायचं होतं, पोरीचं लग्न झाल्यावर त्यांना भाड्याच्या खोलीत राहणं नको वाटत होतं.

एमआरटीपीत कलम १२७ आहे. आरक्षण पडून १० वर्षं झाली आणि जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक खरेदीची नोटीस, म्हणजे माझी जागा विकत घ्या अशी नोटीस, देऊ शकतो. त्या वेळी नोटिशीनंतर सहा महिन्यांची मुदत होती, पुढे ती बारा झाली आणि २०१५ पासून चोवीस महिने आहे. तेवढ्या मुदतीत भूसंपादनाचं खरं पाऊल उचललं नाही तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे गळून पडतं. गुरुजींनी कुणा ओळखीच्या माणसाला विचारून जुलै २००५ मध्ये स्वतःच्या हाताने, सुंदर अक्षरात नोटीस लिहिली आणि नगरपरिषदेत नेऊन दिली. सहा महिने गेले, काही झालं नाही, म्हणून त्यांनी बांधकाम परवानगी मागितली तर ती नाकारली, जागा आरक्षित आहे म्हणून. आम्ही रिट पिटिशन केलं. आणि नगरपरिषदेने प्रतिज्ञापत्रावर सांगितलं की अशी कोणतीही नोटीस आमच्याकडे आलेलीच नाही.

सरांनी गुरुजींना एकच विचारलं, पोच घेतली होती का?

गुरुजींनी पिशवीतून झेरॉक्स काढली. शिक्का होता, पण शाई पसरलेली, तारीख कशीबशी वाचता येत होती, आवक नंबर मात्र दिसत नव्हता. मूळ पोच पावसाळ्यात घर गळलं तेव्हा भिजली होती. सर मला म्हणाले, पुस्तकं ठेव कपाटात, जा आणि बारनिशीत बस.

बारनिशी म्हणजे ऑफिसात आलेला प्रत्येक कागद जिथे नोंदवतात ती जागा, आवक-जावक. माहिती अधिकाराचा केंद्राचा कायदा तेव्हा नवीन होता, २००५ चा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज दिला, जुलै २००५ च्या आवक रजिस्टरची प्रत मागितली. तिसाव्या दिवशी उत्तर आलं, रजिस्टर आढळून येत नाही. पहिलं अपील केलं. अपिलात सांगितलं की प्रत राहू दे, मला अभिलेखाची पाहणी करू द्या, त्या कायद्यात पाहणीचा हक्क आहेच. परवानगी मिळाली आणि मी एसटीने गेले.

रेकॉर्ड रूम तळमजल्यावर, जिन्याखाली, भिंतीला ओल. आता इथे थोडं बाजूला जाते, पण बोलल्याशिवाय राहवत नाही. रेकॉर्ड रूम तळमजल्यावर ठेवू नका हो, कुणी मुख्याधिकारी ऐकत असतील तर कळकळीची विनंती आहे, वरच्या मजल्यावर न्या, लोखंडी रॅक घ्या. गावाचा सगळा इतिहास तिथे असतो, कुणाचं घर कधीचं, कुणाची गल्ली कुणाची, आणि तो आपण उंदरांना आणि पाण्याला देतो. असो.

दोन दिवस मी गठ्ठे सोडले. लाल फडकी, दोऱ्याच्या गाठी, प्रत्येक गठ्ठ्यावर साल. दुसऱ्या दिवशी दुपारी तिथल्या शिपाईमावशी म्हणाल्या, ताई, त्या वर्षी बारनिशीची बाई रजेवर होती, दोन-अडीच महिने उद्यान विभागाच्या क्लार्कने आवक लिहिली, त्याची वही उद्यानच्या कपाटात बघा. उद्यान विभागाच्या कपाटात! तिथे रोपांच्या खरेदीच्या बिलांखाली एक लांबडी वही. जुलैचं पान. नंबर, तारीख, गुरुजींचं नाव, विषय 'बगीचा आरक्षण बाबत', आणि शेवटच्या रकान्यात 'उद्यान विभाग'. म्हणजे नोटीस नगररचनेकडे गेलीच नाही. विषयात बगीचा शब्द दिसला म्हणून क्लार्कने ती बागवाल्यांच्या टेबलावर पाठवली, त्यांना वाटलं नागरिकाला बाग हवीय, आणि शेरा मारला, दप्तरी दाखल. दप्तरी दाखल म्हणजे काय हे श्रोत्यांना सांगायला नको, कागद झोपला.

मी त्या वहीच्या पानाची प्रमाणित प्रत घेतली. आणि त्या प्रतीच्या अर्जाचीसुद्धा पोच घेतली, ही सवय मला त्या दिवसापासून लागली.

सुनावणीच्या दिवशी सरांनी ती प्रत समोरच्या वकिलांच्या हातात दिली. नगरपरिषदेचे पॅनेलवरचे वकील, साठीच्या पुढचे, शांत गृहस्थ. त्यांनी चष्मा वर करून पान वाचलं, पुन्हा वाचलं, आणि कोर्टाला म्हणाले, मला जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेळ द्या. बाहेर जाऊन त्यांनी मुख्याधिकाऱ्यांना फोन लावला, मी कॉरिडॉरमध्येच उभी होते, त्यांचा आवाज चढलेला मी त्या एकाच वेळी ऐकला. अडीच वाजता उभे राहिले आणि म्हणाले, नोंद खरी आहे, आमच्या प्रतिज्ञापत्रातलं विधान चुकीचं आहे, मी ते मागे घेतो. कोर्टात एकदम शांत झालं. रजिस्टरवर संशय घेता आला असता, ती वही अधिकृत नाही असं म्हणता आलं असतं, तारखा पडल्या असत्या, गुरुजी तेव्हा सत्तरीच्या घरात होते. ते काहीच त्यांनी केलं नाही. त्याच दिवशी आरक्षण व्यपगत झाल्याचा आदेश झाला.

जिन्यात मी त्या वकिलांना गाठलं आणि विचारलं की सर, तुम्ही लढला का नाहीत. ते म्हणाले, बेटा, आज मी हे रेटलं असतं तर उद्या माझी बाजू खरी असताना या कोर्टात माझ्या शब्दावर कुणी विश्वास ठेवला नसता, आणि या संस्थेच्या चाळीस केसेस माझ्याकडे आहेत. मग त्यांनी माझ्याकडूनच त्या पानाची झेरॉक्स मागून घेतली, मुख्याधिकाऱ्यांसमोर ठेवायला.

पुढचं सांगते. गुरुजींनी घर बांधलं, वास्तुशांतीला मला बोलावलं, मी गेले. समोरच्या रस्त्यावर पोरं क्रिकेट खेळत होती, ट्रक आला की स्टंप उचलायची. त्या वॉर्डात बाग झाली नाही. गुरुजींना न्याय मिळाला यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही, पण त्या पोरांची बाग एका टेबलावर पडलेल्या कागदाने गेली हे मला तिथे बसून जेवताना लागलं. सहा महिन्यांत कुणी ती नोटीस वाचली असती तर जागेचे पैसे देऊन बाग करता आली असती. त्यानंतर दोन वर्षांनी एका नगरपरिषदेच्या पॅनेलची जागा निघाली, सर म्हणाले फी कमी आहे, मी तरी अर्ज केला.

तर करिअर. यात तीन वाटा आहेत. एक, महापालिकेच्या विधी विभागात नोकरी, विधी अधिकारी म्हणून, पगार ठरलेला, काम म्हणजे केसेस सांभाळणं आणि प्रत्येक विभागाला लेखी अभिप्राय देणं. दोन, पॅनेलवरचा वकील, म्हणजे स्वतःची प्रॅक्टिस आणि संस्थेच्या केसेस. तीन, नागरिकांची, बिल्डरांची, नगरसेवकांची, सरपंचांची बाजू घेणारा खाजगी वकील. माणसं एका वाटेवरून दुसऱ्या वाटेवर जातात. मात्र ज्या संस्थेच्या पॅनेलवर आहात तिच्याविरुद्ध उभं राहायचं नाही, याबाबत मी फार कडक आहे.

यात तारखा सांभाळता आल्या पाहिजेत. तारखा, तारखा, तारखा. ग्रामपंचायत निवडणुकीला आव्हान द्यायला निकालानंतर १५ दिवस, महापालिकेला १०. संस्थेवर दावा लावायचा तर बहुतेक वेळा आधी एक महिन्याची लेखी नोटीस आणि सहा महिन्यांच्या आत दावा. पक्षकार अकराव्या दिवशी आला तर कितीही मोठा वकील असो, काही करू शकत नाही. सरपंच-सदस्यांच्या अपात्रतेची कामं खेड्यापाड्यात भरपूर असतात, जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, विभागीय आयुक्तांकडे अपील, मग हायकोर्ट. २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावच्या महिला सरपंचांना सुप्रीम कोर्टाने पद परत दिलं आणि निवडून आलेल्या बाईला काढणं इतकं हलक्यात घेऊ नका असं सुनावलं. तो निकाल प्रत्येक तहसीलच्या भिंतीवर लावावा असं मला वाटतं, कारण बाई सरपंच झाली की पहिल्या महिन्यापासून तिच्याविरुद्ध अर्ज तयार असतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

पाडकामाच्या केसेस तर संपत नाहीत. १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालात सुप्रीम कोर्टाने मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या संदर्भात उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. सुप्रीम कोर्टाच्याच १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालाने पाडण्याआधी निदान १५ दिवसांची नोटीस, रजिस्टर पोस्टाने, शिवाय बांधकामावर चिकटवून, आणि पाडकामाचं व्हिडिओ शूटिंग, असं बंधन घातलं. रस्ता, फुटपाथ, नदीपात्र अशा सार्वजनिक जागांवरच्या अनधिकृत बांधकामाला ते लागू नाही. म्हणजे इथेही पुन्हा तेच, नोटीस कधी दिली, कशी दिली, पोच कुठे आहे.

आणि मराठी! चांगलं मराठी यायलाच हवं. ठराव मराठीत, इतिवृत्त मराठीत, पंचनामा मराठीत, आणि हायकोर्टात जाताना त्याचं इंग्रजी करावं लागतं, ते काम ज्युनियरकडे येतं. तहकूब आणि नामंजूर यात काय फरक आहे, सूचक कोण अनुमोदक कोण, हे न कळता भाषांतर केलं की केस तिथेच बिघडते. इंग्रजी शाळेतून आलेल्या माझ्या दोन ज्युनियर मुलींना मी रोज अर्धा तास जुनी इतिवृत्तं मोठ्याने वाचायला लावते, त्यांना आधी कंटाळा यायचा, आता त्या मला चुका दाखवतात.

ज्यांना सुरुवात करायचीय त्यांच्यासाठी, लॉ च्या शेवटच्या वर्षाला असाल तर जवळच्या नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका मिळवा, सभा बघायला जाऊन बसा, आणि एकेक विषय कुठल्या कलमाखाली येतो ते शोधा. मुंबईत १९२६ साली सुरू झालेली अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था आहे, तिचे या विषयातले अभ्यासक्रम आहेत, तेही बघा. सनद मिळाल्यावर जिल्हा कोर्टात आणि जिल्हाधिकारी कार्यालयात दोन-तीन वर्षं काढा, थेट हायकोर्टात पळू नका. पैसा हळू येतो, पहिली चार-पाच वर्षं ओढाताण होते, घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

वेळ झालीय, प्रोड्यूसर ताई काचेतून हात दाखवतायत. एक राहिलं. त्या शिपाईमावशींना मी निकालाची प्रत नेऊन दिली होती. त्यांना वाचता येत नव्हतं, त्यांच्या नातवाने वाचून दाखवली. वाचून झाल्यावर मावशींनी विचारलं, आता ती वही कुठं ठेवलीय, परत त्याच कपाटात का? नमस्कार.