मामांची सावली अमेरिकेकडे पडते

माइक चालू आहे ना? बरं. बाहेर फळ्यावर विषय लिहिलाय 'कॅनडा आणि अमेरिका: काय सारखं, काय वेगळं', आणि मला पस्तीस मिनिटं दिलीत, त्यातली तीस हा माणूस भलतंच बोलेल हे माझ्या बायकोने अध्यक्षांच्या कानावर आधीच घातलंय.

मी एकोणीस वर्षं कॅनडातल्या विंडसरला राहतो. इकडे सुट्टीला आलो की पहिला प्रश्न, "काय, अमेरिका काय म्हणते?" पूर्वी मी दुरुस्त करायचो, अहो कॅनडा, कॅनडा. समोरचा म्हणायचा, "तेच ते." तेच ते! आता मी नुसतं "बरं चाललंय" म्हणतो. पण आज तुम्ही खुर्च्यांत अडकलायत आणि चहा माझ्यानंतर आहे, तेव्हा सांगतोच.

पहिला घोळ नकाशाचा. कॅनडा वर, अमेरिका खाली. आमचे मामा, साताऱ्याला आयुष्यभर भूगोल शिकवला, हे लक्षात ठेवा हं, ते सप्टेंबरात आमच्याकडे आले. घर नदीकाठी, खिडकीतून पलीकडे डेट्रॉइटच्या उंच बिल्डिंगा. मामांचा नियम कडक, दक्षिणेला तोंड करून जेवायचं नाही. ताट वाढलं तसं विचारलं, "पलीकडे अमेरिकाच ना?" म्हटलं हो. खुर्ची उचलली, अमेरिकेकडे पाठ केली आणि भात कालवला. असं चार दिवस. पाचव्या दिवशी माझ्या मुलीने मोबाइलवर होकायंत्र उघडलं, "आजोबा, तुम्ही तर साउथला बघून जेवताय." मामा म्हणाले, तुझा मोबाइल बिघडलाय.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मला घेऊन नदीवर गेले. रेलिंगपासून चार पावलं मागे ताठ उभे राहिले आणि खाली बघितलं. सावली सरळ पाण्याकडे, डेट्रॉइटच्या दिशेने. सूर्य दक्षिणेला म्हणजे सावली उत्तरेला, हे मला लहानपणी शिकवलं कोणी? यांनीच! जागेवरून सरकून बघितलं, टोपी काढून बघितलं, सावली काही ऐकेना. बराच वेळ गप्प, मग हळूच म्हणाले, "म्हणजे चार दिवस मी यमाकडे तोंड करून जेवलो?" मग घरी आल्यावर खुर्ची फिरवली आणि उरलेला महिना अमेरिका बघत जेवले, वर मला म्हणतात, एवढी वर्षं इथे राहतोस आणि सांगायचं नाही होय रे.

तर नदी तिथे अशी वळलीय की अमेरिका आमच्या उत्तरेला येते. टोरांटोसुद्धा अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या दक्षिणेला आहे. आणि व्हँकूवरला हिवाळ्यात बर्फापेक्षा पाऊसच जास्त, चिपळूणकर मजेत राहतील. कोकणावरून आठवलं, माझा खरा मुद्दा तोच आहे. कॅनडा म्हणजे आडवं झोपवलेलं कोकण. क्षेत्रफळात जगात दुसरा नंबर, माणसं जेमतेम चार कोटी, आणि त्यातली बहुतेक सगळी सीमेला चिकटून एका पट्टीत. विंडसर ते क्वेबेक सिटी एवढ्यातच निम्मा देश. उत्तरेकडे जाल तर जंगल, दगड, तळी.

चिठ्ठी आली? दहा मिनिटं? पाच! बरं, पळतो.

पट्टीत राहायचं तर शेजारी जवळ आणि आपलीच माणसं लांब. टोरांटोहून न्यूयॉर्क गाडीने ८०० किलोमीटर, व्हँकूवर ४००० च्या वर. सोडून दिलं असतं तर सगळा व्यवहार खालीच वाहून गेला असता, म्हणून सरकारला हात घालावा लागला. ब्रिटिश कोलंबिया, म्हणजे व्हँकूवरचा प्रांत, १८७१ साली कॅनडात आला तो दहा वर्षांत रेल्वे आणतो या बोलीवर, रेल्वे जोडली गेली १८८५ ला, म्हणजे उशीर तिकडेही होतो. सरकारने हात घालायची ती सवय पुढे दवाखान्यापर्यंत गेली. सस्कॅचवन प्रांताने १९६२ ला सरकारी आरोग्यविमा आणला तर डॉक्टरच २३ दिवस संपावर गेले, तरी योजना टिकली आणि मग देशभर पसरली. पण "तिकडे सगळं फुकट" हेही खोटं. डॉक्टर, हॉस्पिटलचं बिल नाही, ते करातून जातं, पण दात, चष्मा, बाहेरची औषधं यांना बऱ्याच जणांना नोकरीतला विमा नाहीतर स्वतःचा खिसा. आणि स्पेशालिस्टसाठी थांबायचं, माझा गुडघा आठ महिने थांबला, त्यावर वेगळं व्याख्यान ठेवा.

कॅनडाचा राजा? हो, इंग्लंडचा चार्ल्सच, नोटेवर राणी अजून दिसते. फ्रेंच? क्वेबेकमध्ये दुकानाच्या पाटीवर फ्रेंच ठळक लागते, १९७७ पासूनचा कायदा आहे, आपल्या पाट्यावाल्यांनी बघून यावं. कॅनडावाले साधेभोळे वगैरे? १९१४ ला 'कोमागाता मारू' जहाजातले ३७६ भारतीय प्रवासी व्हँकूवरच्या बंदरात दोन महिने अडकवून बहुतेक सगळे परत पाठवले, तेही याच सभ्य लोकांनी.

थांबतो, थांबतो, अध्यक्ष उभे राहिले. चहाच्या टेबलावर मेपल सिरपची बाटली ठेवलीय, चाखून बघा. मध नाहीये ते, खोकल्यावर घेऊ नका, मामांनी घेतलं होतं.