मनगट ‘लचकलंय’ म्हणून सोडून देऊ नका

नमस्कार मंडळी. बोलायला लागण्याआधी एक काम करा. हात समोर धरा आणि अंगठा वर ताणा. (हात कॅमेऱ्याजवळ नेत) अंगठ्याच्या मुळाशी दोन स्नायुबंध दोरीसारखे वर आले ना? त्यांच्या मधे हा खळगा पडतो. पूर्वी लोक इथे तपकिरीची चिमूट ठेवून ओढायचे, म्हणून डॉक्टर त्याला आजही स्नफबॉक्स म्हणतात. याच्या तळाशी काजूएवढं एक हाड आहे, स्कॅफॉइड. मनगटातल्या आठ छोट्या हाडांपैकी सगळ्यात जास्त मोडतं ते हेच.

मी नागपुरात फिजिओथेरपी करतो. मागच्या वर्षी कबड्डीचा एक रेडर माझ्याकडे आला. पकडीतून सुटताना तळहातावर पडला होता, तेही चार महिन्यांपूर्वी. त्या दिवशीच्या एक्स-रेत काही दिसलं नाही. मग क्रेप बँडेज बांधलं, तेल लावून चोळून घेतलं आणि पंधरा दिवसांत पोट्टा परत मैदानात. सूज उतरली होती, हात वाकडा नव्हता. फक्त दंड काढताना आणि गाडीचा ब्रेक दाबताना कळ यायची. नवीन तपासणीत कळलं, हाड अजून दोन तुकड्यांतच आहे.

असं का होतं? आपल्या नागपूरकडच्या पेंच धरणाच्या कालव्याचं बघा. मधेच कालवा फुटला तर टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या शेतात पाणी पोचत नाही. स्कॅफॉइडला रक्त मुख्यतः बोटांकडच्या बाजूने मिळतं आणि तिथून ते उलटं कोपराकडच्या टोकाला जातं. हाड मधे मोडलं की त्या टोकाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. मग हाड जुळायला फार वेळ लागतो, कधी जुळतच नाही, कधी तो तुकडा मरतो. पुढे काही वर्षांत मनगटाचा सांधा झिजतो. खेळाडूचं वय तेव्हा तिशीचंही नसतं, मला याचंच वाईट वाटतं.

म्हणून पसरलेल्या तळहातावर पडलात की या खळग्यात बोटाने दाबून बघा. दुसऱ्या हातालाही तेवढंच दाबा, कारण तिथून एक नस जाते आणि चांगल्या हातालाही थोडं दुखतं. फरक जाणवला, किंवा अंगठा मनगटाकडे दाबल्यावर कळ आली, तर हाड मोडलंय असंच धरून चाला.

मैदानावर काय करायचं? अंगठी, कडं लगेच काढा. सूज चढल्यावर निघत नाही. वर्तमानपत्राची जाड घडी किंवा पुठ्ठा लावून मनगट बांधा, हात छातीच्या वर ठेवा, फडक्यात गुंडाळून बर्फ १५ ते २० मिनिटं. चोळायचं नाही, ओढून ‘बसवायचं’ तर अजिबात नाही. हात वाकडा दिसत असेल, जखमेतून हाड दिसत असेल, बोटं बधिर किंवा पांढरी पडली असतील तर तडक मोठ्या दवाखान्यात; नागपुरात मेडिकल कॉलेज, मेयो, एम्स, जे जवळ असेल तिथे.

डॉक्टरांना ‘स्कॅफॉइड व्ह्यू’, म्हणजे या हाडासाठी वेगळ्या कोनातून घेतलेला एक्स-रे, काढायचा का, हे जरूर विचारा. आणि माझं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं: पहिला एक्स-रे साफ आला तरी सुटलो असं समजू नका. ही बारीक चीर पहिल्या दिवशी बऱ्याचदा दिसतच नाही. खळगा दुखत असेल तर हात बांधूनच ठेवायचा आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे, किंवा आधीच एमआरआय. दोन आठवडे प्लास्टर नाहक घातलं असं निघालं तरी मी ते परवडलं म्हणेन.

हाड जागेवर असेल तर साधारण ६ ते १२ आठवडे प्लास्टर. तुकडे सरकले असतील, किंवा मोड कोपराकडच्या टोकाला असेल, तर बहुधा आत स्क्रू घालावा लागतो.

बॅट किंवा रॅकेट धरणाऱ्यांनो, तुमचं दुखणं करंगळीच्या खाली, तळहातात असेल तर तिथलं हॅमेट नावाचं हाडही मोडलेलं असू शकतं. तेही साध्या एक्स-रेत लपतं, सीटी स्कॅनमध्ये सापडतं.

आणि खर्रा. प्लास्टर आहे तोवर तरी बंद करा, हात जोडून सांगतो. तंबाखूतल्या निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, आणि इथे आधीच रक्ताची टंचाई आहे.

त्या रेडरचं ऑपरेशन झालं. कमरेच्या हाडाचा तुकडा घेऊन मनगटात बसवला. सध्या तो माझ्याकडे रोज संध्याकाळी रबरी चेंडू दाबतो. सीटीत हाड जुळलेलं दिसून त्या हाताची पकड दुसऱ्या हाताच्या जवळपास येईपर्यंत त्याला मी मॅटवर पाय ठेवू देणार नाही.