तीनच गाड्या रेषेपर्यंत: मोनॅको १९९६ च्या निकालपत्रकाचं वाचन

[पडद्यावर: निकालाचा तक्ता. सात नावं, त्याखाली एक आडवी रेघ, रेघेखाली बाकीचे.]

१९ मे १९९६. मोनॅको ग्रां प्री. फॉर्म्युला वनच्या या शर्यतीचं निकालपत्रक पहिल्यांदा हातात घेतलं की छपाईची चूक झाली असावी असं वाटतं. सात जणांना क्रमांक दिलेला आहे, पण शर्यत संपल्याचा चेकर्ड झेंडा घेतला फक्त तिघांनी. पहिला ओलिव्हिए पानिस, लिजिए-मुगेन होंडा. दुसरा डेव्हिड कूल्टहार्ड, मॅक्लारेन-मर्सिडीज, ४.८२८ सेकंद मागे. तिसरा जॉनी हर्बर्ट, सॉबर-फोर्ड, ३७.५०३ सेकंद मागे. विलियम्स, फेरारी आणि बेनेटन, म्हणजे त्या वर्षीचे तीन सर्वांत बलवान संघ. त्यांच्या सहा गाड्यांपैकी एकीलाही गुण नाही.

या शर्यतीला अनेक जण लॉटरी म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. का, ते याच कागदावर लिहिलेलं आहे. फक्त प्रत्येक रकाना सावकाश वाचायला हवा.

सुरुवात लॅपच्या, म्हणजे ट्रॅकच्या फेऱ्यांच्या रकान्यापासून. ठरलेले लॅप ७८, झालेले ७५. एक लॅप ३.३२८ किलोमीटरचा. इतर शर्यती साधारण ३०५ किलोमीटरच्या असतात. मोनॅकोत वेग इतका कमी की तिथलं अंतर २६० किलोमीटरच्या आसपास ठेवलेलं आहे. तरीही त्या दिवशी ते पूर्ण झालं नाही, कारण नियमात दोन तासांची मर्यादा आहे. तेव्हा दोन तास उलटले की चालू लॅप संपताना झेंडा पडे. पानिसची वेळ २ तास ० मिनिटं ४५.६२९ सेकंद, सरासरी वेग ताशी १२४ किलोमीटर.

आता हिशेब करू. ७८ लॅप दोन तासांत बसवायचे तर प्रत्येक लॅप सरासरी ९२.३ सेकंदांत व्हायला हवा. पानिसची सरासरी ९६.६ भरते. आदल्या दिवशी कोरड्या रस्त्यावर मायकल शूमाकरनं पोल पोझिशन, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा मिळवली ती १ मिनिट २०.३५६ सेकंदांत. म्हणजे जिंकणारी गाडी पोलच्या वेळेपेक्षा दर लॅपला सरासरी सोळा सेकंद हळू धावत होती. यातली बरीचशी सेकंदं पाण्यानं खाल्ली.

[दृश्य: ओला रस्ता, पांढरे पट्टे, लोखंडी कठडे.]

पाऊस शर्यतीच्या आधी पडला. रस्ता ओला झाला म्हणून चालकांना सवय व्हावी यासाठी पंधरा मिनिटांचं जादा सराव सत्र दिलं गेलं. त्यातच आंद्रेया मोंतेर्मिनीची फोर्टी संघाची गाडी आदळली आणि ती शर्यतीत उतरलीच नाही. उरल्या एकवीस.

शहरातला रस्ता ओला झाला की तो शर्यतीच्या बांधीव ट्रॅकपेक्षा वेगळा वागतो. एरवी त्यावरून रोजची वाहतूक चालते. पायी ओलांडण्याचे पट्टे, मार्गिकांच्या रेघा, गटारांची झाकणं, सगळं तिथंच असतं. रंगावर आणि लोखंडावर पाणी मुरत नाही, त्यामुळे चाक त्यावर आलं की पकड एका क्षणात जाते. रस्त्याला पाणी वाहून जाण्यासाठी मधे फुगवटा आणि कडांना उतार असतो. पाणी कडेला साचतं, आणि वळणाचं आतलं टोक नेमकं कडेलाच असतं. मोकळ्या ट्रॅकवर गाडी घसरली तर खडीचा पट्टा किंवा गवत असतं. इथं मीटरभरावर कठडा. चाक कठड्याला टेकलं तरी सस्पेन्शनचा दांडा वाकतो, आणि तिथंच शर्यत संपते.

पहिल्याच लॅपमध्ये पाच गाड्या बाद झाल्या. योस व्हर्स्टापेन बाराव्या जागेवरून निघाला होता, आणि ओल्या रस्त्यावर स्लिक टायर लावून. स्लिकला खाचा नसतात. पाणी बाहेर फेकायला वाट नसली की टायर पाण्यावर तरंगतो. शिवाय तो तापलेला असेल तरच चिकटतो, आणि थंड पाणी त्याला तापू देत नाही. लवकर रस्ता सुकला असता तर टायर बदलायला पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या संघाच्या जागेत, जायचा त्याचा एक थांबा वाचला असता. पण पहिल्याच वळणावर, सेंट देव्होतला, तो कठड्यात गेला. त्याच वळणावर मिनार्डीच्या दोन्ही गाड्या, फिसिकेला आणि लामी, एकमेकांवर आदळल्या. एकाच संघाच्या दोन गाड्या, पहिलं वळण, आणि दिवस संपला.

मग शूमाकर. पोलवरून निघूनही डेमन हिलनं त्याला सुरुवातीलाच मागे टाकलं होतं. हेअरपिन, म्हणजे जवळजवळ उलट फिरवणारं वळण, उतरून समुद्राकडे जाताना, पोर्तिएच्या अलीकडे, वळणाच्या आतल्या ओल्या कर्बवर चाक चढलं. कर्ब हा रंगवलेला उंचवटा. त्यावर भार गेला की रस्त्यावरच्या टायरवरचा भार कमी होतो आणि पुढचा भाग वळायचं सोडून सरळ जातो. त्याची फेरारी सरळ कठड्यात गेली. त्याच लॅपच्या शेवटाकडे, रास्कासला, सहाव्या जागेवरून निघालेला बॅरिकेलो गरकन फिरला. पाठोपाठच्या लॅपमध्ये कातायामा आणि रोसेट गेले, दिनिझची ट्रान्समिशन गेली, नवव्या लॅपला बर्गरचा गिअरबॉक्स. शर्यतीचा आठवा हिस्साही झालेला नव्हता आणि एकवीसपैकी बाराच गाड्या उरल्या होत्या.

[दृश्य: बोगद्याकडे उतरणारा रस्ता.]

पुढे हिल एकटाच दूर निघून गेला. त्याचे वडील ग्रॅहम हिल मोनॅको पाच वेळा जिंकले होते. मुलाला ही शर्यत अजून मिळायची होती. ओल्यात त्याची गाडी सर्वांत शांत दिसत होती. पण अठ्ठाविसाव्या लॅपला तो पिटमध्ये आला, आणि या शर्यतीचा सर्वांत महत्त्वाचा भाग तिथूनच सुरू होतो. तो आहे टायर बदलण्याची वेळ.

पाऊस थांबल्यावर रस्ता सगळा एकदम सुकत नाही. गाड्या ज्या रेषेवरून जातात तिथलं पाणी टायर उडवतात, म्हणून आधी एक अरुंद कोरडी पट्टी उमटते. बाजूला पाणी तसंच. त्या पट्टीवर पावसाळी टायर धावू लागला की त्याचे खाचांमधले मऊ ठोकळे वळवळतात, तापतात आणि फाटू लागतात. चालक मुद्दाम डबक्यातून गाडी नेऊन त्यांना गार करतात. लवकर स्लिक घातले तर पट्टीबाहेर चाक गेलं की संपलं. उशीर केला तर प्रत्येक लॅपला काही सेकंद हातातून जातात. मोनॅकोत यात एक गाठ आणखी आहे. रस्ता अरुंद, त्यामुळे कोणाला मागे टाकायचं तर कोरडी पट्टी सोडून ओल्यावर ब्रेक लावावा लागतो. म्हणूनच बहुतेक जागा पिटमध्ये बदलतात, रस्त्यावर नाही.

त्या काळी शर्यतीत इंधन भरायला परवानगी होती. नळीतून सेकंदाला सुमारे १२ लिटर इंधन येई. टायर बदलायला चार-पाच सेकंद पुरत. गाडी किती वेळ उभी राहणार हे इंधन ठरवत असे. म्हणून ओल्यावरून कोरड्यावर जाताना केलेल्या त्या एकाच थांब्यात शेवटपर्यंतचं इंधन भरून घ्यावं, असा हिशेब मांडता येई. गाडी जड होते, ब्रेकिंगचं अंतर वाढतं, पण पुन्हा रांगेत अडकायची वेळ येत नाही.

चौदाव्या जागेवरून निघालेला पानिस याच टप्प्यात वर आला. त्याची गाडी त्या दिवशी मुळातच चांगली होती. सकाळच्या कोरड्या सराव सत्रात तोच सर्वांत वेगवान होता, हे लॉटरी म्हणणारे विसरतात. शर्यतीत त्यानं नेमक्या वेळी स्लिक घेतले, आणि मग त्याच्यापुढे आली एडी आयर्विनची फेरारी. आयर्विन बराच वेळ आपल्यामागे रांग अडवून धरत होता. फ्रेंटझेननं त्याला सेंट देव्होतला मागे टाकायचा प्रयत्न केला तेव्हा टक्कर होऊन त्याच्या सॉबरचाच पुढचा पंख मोडला. नवं नाक बसवायला पिटमध्ये जावं लागलं. गाडी वेगवान असूनही त्याची शर्यत तिथंच हातची गेली.

पानिसनं जागा निवडली ती लोज हेअरपिन. फॉर्म्युला वनमधलं हे सर्वांत हळू वळण. तिथं आत शिरायला वाव असतो, कारण दोन्ही गाड्या खूप कमी वेगात असतात आणि स्पर्श झाला तरी चाक तुटायची शक्यता कमी. पानिस आतून घुसला, दोघं टेकले, फेरारी बाहेरच्या कठड्याला लागून बंद पडली. ही ढकलाढकलच होती, आणि आम्ही ती सफाईची चाल म्हणणार नाही. पण त्या शर्यतीत जागा घ्यायची तर कुठे आणि किती जोखीम पत्करायची, हे ओळखल्याची खूण तिच्यात आहे.

आयर्विनची गोष्ट इथं संपत नाही. त्या काळच्या गाड्यांत चालकाच्या हाताशी स्टार्टर नसे. इंजिन बंद पडलं की बाहेरून ढकलणं किंवा उतार, एवढेच उपाय असत. हेअरपिनच्या पुढे उतार आहे. ट्रॅकवरच्या मार्शलनी, म्हणजे मदतनीसांनी, ढकललं आणि गाडी चालू झाली. तोवर त्यानं सीटचे पट्टे सोडलेले होते, ते बांधून घ्यायला पिटमध्ये यावं लागलं.

[दृश्य: बोगद्यात धूर.]

चाळिसावा लॅप. आघाडीवरच्या हिलच्या गाडीतून बोगद्यात धूर निघाला. रेनॉचं इंजिन, एरवी ज्याच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवावा असं. बोगद्यापुढच्या सुटकेच्या रस्त्यावर त्यानं गाडी उभी केली. आघाडी जाँ अलेसीकडे गेली. त्याची बेनेटन तेव्हा सर्वांत वेगात होती: शर्यतीतला वेगवान लॅप त्याचाच, एकोणसाठावा, १ मिनिट २५.२०५ सेकंद. आणि साठाव्या लॅपला सस्पेन्शन निकामी झालं.

मग पानिस पुढे. त्याच्यामागे कूल्टहार्ड होता, आणि कूल्टहार्डच्या डोक्यावर हेल्मेट होतं शूमाकरचं. दमट हवेत त्याच्या स्वतःच्या हेल्मेटच्या काचेवर वाफ धरत होती, म्हणून त्यानं ते उसनं घेतलं होतं. ओल्या शर्यतीत ही बाब लहान नाही. श्वासाची वाफ काचेच्या आतून धरली तर पुसता येत नाही. काच उघडली तर पुढच्या गाडीचं पाणी सरळ डोळ्यात.

सहासष्टाव्या लॅपला व्हिलनव्ह लॅपनं मागे पडलेल्या बडोएरला ओलांडताना त्याच्यावर आदळून बाहेर गेला. आणि मग पोर्तिए. आयर्विन तिथं फिरला, शूमाकर जिथं गेला जवळपास तिथंच. तो परत मार्गावर येत असताना मिका सालोची टिरेल त्याला धडकली आणि सालोच्या मागून मिका हॅक्किनेनची मॅक्लारेन. तीन गाड्या एका ठिकाणी. रस्त्यावर उरल्या चार.

[पडद्यावर: पुन्हा निकालाचा तक्ता. लॅपचा रकाना ठळक.]

आता सात क्रमांकांचं कोडं. नियम असा: विजेत्यानं कापलेल्या लॅपपैकी नव्वद टक्के ज्यानं पूर्ण केले, त्याला क्रमांक मिळतो, मग तो शेवटी धावत असो वा नसो. ७५ चे नव्वद टक्के ६७.५, अपूर्णांक सोडून ६७. सालो आणि हॅक्किनेन ७० लॅपवर थांबले, म्हणून पाचवा आणि सहावा. गुण तेव्हा पहिल्या सहांना मिळत, १०, ६, ४, ३, २, १ असे. म्हणजे कठड्यात अडकलेल्या गाड्यांनी दोन आणि एक गुण मिळवला. आयर्विन ६८ लॅप, सातवा, शून्य गुण. व्हिलनव्ह ६६. एका लॅपनं रेघेखाली.

चौथा फ्रेंटझेन, ७४ लॅप. आपल्यामागे कोणीच उरलेलं नाही हे दिसल्यावर तो शेवटच्या लॅपला सरळ पिटमध्ये आला. म्हणून झेंडा घेतला तिघांनी, आणि तीन गुण त्याला मिळाले ते झेंड्याशिवाय.

आणि आता सुरुवातीच्या जागांचा रकाना. पानिसच्या पुढे तेरा गाड्या उभ्या होत्या. त्यांतल्या दहा बाद झाल्या. उरलेले तीन म्हणजे पाचव्या जागेवरचा कूल्टहार्ड, तेराव्यावरचा हर्बर्ट आणि नवव्यावरचा फ्रेंटझेन. तेच दुसरे, तिसरे आणि चौथे. दहा जण बाद झाले नसते तर पानिस जिंकला नसता, हे खरं. पण जे तिघं टिकले, ते तिघंही सुरुवातीला त्याच्या पुढे होते आणि शेवटी त्याच्या मागे. नशिबानं त्याला चौथ्या जागेपर्यंत आणलं असतं. पुढच्या तीन जागा त्यानं स्वतः घेतल्या.

फ्रेंच गाडीत फ्रेंच चालक मोनॅकोत जिंकला तो १९३० नंतर पहिल्यांदा. तेव्हा बुगातीत रने द्रेफ्यूस होते. लिजिए संघाचा आधीचा विजय १९८१ चा, जाक लाफितचा, कॅनडात. मुगेनच्या इंजिनाचा फॉर्म्युला वनमधला हा पहिला विजय. लिजिएचा नववा आणि शेवटचा; पुढच्या हंगामात तो संघ अ‍ॅलन प्रॉस्टच्या नावानं उतरला. पानिस २००४ पर्यंत शर्यतीत राहिला. पहिल्या क्रमांकाच्या रकान्यात त्याचं नाव एवढं एकदाच आहे.