रोल उलगडतो तेव्हा

(मकरपुरा जीआयडीसी, वडोदरा. रात्रपाळी. डायवर, म्हणजे वितळलेले प्लास्टिक बाहेर सोडणाऱ्या गोल साच्यावर, चढणारा फुगा.)

हा पारदर्शक फुगा पॉलियुरेथेन या मऊ प्लास्टिकच्या पातळ फिल्मचा आहे. वर दोन रोलरांमध्ये तो सपाट होतो आणि वाइंडरवर गुंडाळला जातो. पण माल पुरेसा थंड झालेला नसेल, तर फुग्याच्या दोन्ही भिंती एकमेकींना अशा बिलगतात की कापलेला तुकडा नखाने सोलूनही उघडत नाही. कारखान्यात याला ‘रोल ब्लॉक झाला’ असे म्हणतात.

कोयलीची रिफायनरी आणि १९६९ साली स्थापन झालेली पेट्रोकेमिकल कंपनी आयपीसीएल यांच्या या शहराला प्लास्टिकचा दाणा नवा नाही. हा दाणा मात्र वेगळा आहे: त्याच्या फिल्ममधून वाफ पलीकडे जाते. डायपरच्या फिल्ममध्ये पॉलिइथिलीनमध्ये कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी जवळजवळ निम्मी असते आणि ती ताणली की कणांभोवती पडणाऱ्या सूक्ष्म छिद्रांतून वाफ निघून जाते. इथे छिद्रेच नाहीत. पाण्याचे रेणू पॉलिमरच्या मऊ, पाणी ओढणाऱ्या साखळ्यांत विरघळतात आणि सरकत सरकत पलीकडे बाहेर पडतात. मौज अशी की ज्या मऊपणामुळे वाफ जाते, त्याच मऊपणामुळे फिल्म चिकटते.

(हॉपर, म्हणजे दाणे ओतायचे नरसाळे, जवळून. पांढरा मास्टरबॅच, म्हणजे मिश्रके भरलेले दाणे.)

या दाण्यांतील सिलिकाचे काही मायक्रॉनचे कण पृष्ठभागावर बारीक उंचवटे उभे करतात आणि दोन थरांना पुरते टेकू देत नाहीत. पॉलिइथिलीनच्या पिशव्यांना गुळगुळीत करणारे एरुकामाइड हे मोहरीच्या भावंडाच्या, म्हणजे रेपसीडच्या, तेलापासून बनते आणि सावकाश पृष्ठभागावर येते. पॉलियुरेथेनमध्ये ते तितक्या सहजी वर येत नाही, म्हणून इथे सिलिकाच्या जोडीला इथिलीन बिस-स्टिअरामाइडचे मेण दिले जाते.

(अंगठ्याचे जवळून दृश्य.)

ऑपरेटर काका कापलेल्या कडेवर अंगठा घासतात. थर सुटायला किंचित वेळ लागतो.

‘काका, मेण थोडं वाढवू का?’

‘नको रे, मग कापडाला धरणार नाही.’

सारा पेच या उत्तरात आहे. ही फिल्म स्वतःला चिकटता कामा नये, पण लॅमिनेशनमध्ये कापडाला चिकटलीच पाहिजे, आणि सिलिका वाढवावी तर ती धुरकट होते. त्यामुळे मात्रेचा तक्ता भिंतीवर असला, तरी पाळीच्या पहिल्या रोलवर शेवटचा शब्द अंगठ्याचाच असतो. इथला माल पुढे रेनकोटांत आणि जखमेवरच्या पट्ट्यांत जातो.

काका मेण वाढवत नाहीत. ते फुग्यावरचा थंड वारा वाढवतात. पुढचा रोल कापला जातो आणि कडेवर अंगठा फिरताच दोन्ही थर वेगळे होतात.