पळून गेल्यानंतरची गोष्ट

श्रोतेहो, घाबरणाऱ्या माणसासाठी मराठीत दोन शब्द आहेत, आणि आजच्या विषयाचा बराचसा गाभा त्या दोन शब्दांमधल्या अंतरात आहे. ‘भित्रा’ आणि ‘भ्याड’ हे दोन्ही शब्द भिण्यातूनच आले, परंतु ससा भित्रा असतो, लहान मूल भित्रे असते, आणि त्या शब्दात थोडी कीव असते, कधी मायाही असते. सशाला कोणी भ्याड म्हणत नाही. भित्रेपणा हा स्वभाव आहे, तर भ्याडपणा हा आरोप आहे. तो एखाद्या कृत्याबद्दल किंवा करायचे राहून गेलेल्या कृत्याबद्दल ठेवला जातो, आणि म्हणून त्याला एक प्रसंग लागतो, एक साक्षीदार लागतो, आणि पुष्कळदा एक बचावाचे भाषणही लागते. जिथे बचावाचे भाषण आले, तिथे साहित्य आलेच.

आपल्या जुन्या शास्त्राने हा प्रश्न फार लवकर मिटवून टाकला. नाट्यशास्त्रात वीररसाचा स्थायिभाव, म्हणजे त्याच्या मुळाशी असलेली भावना, उत्साह आहे आणि तो उत्तम प्रकृतीच्या पात्रांचा मानला आहे. भय मात्र स्त्रिया आणि नीच प्रकृतीची पात्रे यांच्या वाट्याला दिले आहे. ही वाटणी आज खटकते, पण तिच्यातला वाङ्मयीन दोष मला अधिक मोठा वाटतो. ज्याला भीती शिवतच नाही, त्याच्या धैर्याचे कौतुक कशासाठी करायचे? ॲरिस्टॉटलने धैर्याला भ्याडपणा आणि आततायीपणा यांच्या मध्ये बसवले, आणि भूकंपाला किंवा लाटांनाही न भिणारा मनुष्य वेडा किंवा बधिर म्हणावा लागेल, असे म्हटले. कवींना हे तत्त्वज्ञांच्याही आधी ठाऊक होते. म्हणून शास्त्राने घातलेली ही सीमा महाभारताने जुमानली नाही.

विराटपर्वातला राजपुत्र उत्तर आपल्याला बढाईखोर म्हणून माहीत आहे. राजा दुसऱ्या आघाडीवर गेलेला, इकडे कौरवांनी गाई वळवून नेल्या, आणि अंतःपुरातल्या स्त्रियांसमोर हा राजपुत्र म्हणतो की एक चांगला सारथी तेवढा मिळू द्या, मग बघा. सारथी मिळतो; तो बृहन्नडेच्या वेशातला अर्जुन असतो. कौरवांची सेना दिसताच उत्तराच्या अंगावर काटा उभा राहतो. गाई नेल्या तर नेऊ देत, बायका हसल्या तर हसू देत, असे म्हणून तो धनुष्य टाकून रथातून उडी मारतो आणि पळत सुटतो. अर्जुन वेणी आणि तांबडी वस्त्रे सावरत त्याच्यामागे धावतो, हे पाहून शत्रूचे सैनिक हसतात. शंभर पावलांवर अर्जुन त्याचे केस धरतो, तेव्हा उत्तर सुटकेची किंमत सांगू लागतो: शुद्ध सोन्याचे शंभर निष्क, आठ वैडूर्यमणी, एक रथ, दहा मत्त हत्ती. भीतीने बोबडी वळलेली असतानाही हा हिशेब त्याला नीट जमतो, हे ज्या कवीला सुचले, त्याने भ्याडपणा फार जवळून पाहिला असला पाहिजे.

येथवरचा उत्तर सर्वांना आठवतो. पुढचा आठवत नाही. अर्जुन त्याला हसतो, पण त्याचा धिक्कार करीत नाही आणि वीरश्रीचा उपदेशही फारसा करीत नाही. तुला लढणे जमत नसेल तर घोडे धर, लढतो मी, असे तो सांगतो. मराठीत धैर्याच्या घरातला ‘धीर’ हा शब्द फार चमत्कारिक आहे. तो धरता येतो, सुटतो, खचतो, आणि मुख्य म्हणजे एका माणसाला दुसऱ्यास देता येतो. शौर्य असे उसने देता येत नाही. अर्जुनाने उत्तराला दिला तो धीर, आणि तो देण्याची रीत म्हणजे त्याच्या आवाक्यातले एक काम त्याच्या हाती सोपवणे. युद्ध संपल्यावर अर्जुन त्याला सुचवतो की हा विजय तुझाच म्हणून सांग. नगरात विराट राजा मुलाच्या पराक्रमाने फुलून गेलेला असतो. कंकाच्या वेशातल्या युधिष्ठिराने बृहन्नडेचे नाव काढले म्हणून त्याने त्याच्या तोंडावर फासाही फेकून मारलेला असतो. अशा भरल्या सभेत उत्तर म्हणतो: गाई मी जिंकल्या नाहीत, शत्रूही मी जिंकले नाहीत, हे सारे एका देवपुत्राने केले. आयते हाती आलेले यश त्याने नाकारले. माझ्या मते उत्तराचे धैर्य घोडे धरण्यापेक्षा या वाक्यात अधिक आहे.

याच्या शेजारी जोसेफ कॉनरॅडचा ‘लॉर्ड जिम’ ठेवून पाहा. ही कादंबरी १९०० साली पुस्तकरूपाने आली आणि तिच्यामागे १८८० सालची एक खरी घटना आहे: यात्रेकरूंनी भरलेले ‘जेद्दा’ नावाचे जहाज बुडणार असे समजून कप्तान आणि अधिकारी ते सोडून गेले, आणि जहाज मात्र बुडाले नाही. कादंबरीतला जिम हा उत्तराचाच भाऊ आहे. समुद्रावरच्या साहसकथा वाचून त्याने मनात कितीतरी लोकांचे प्राण वाचवलेले असतात. प्रत्यक्षात आठशे यात्रेकरू झोपलेले असताना तो होडीत उडी घेतो, आणि पुढे ती घटना सांगताना ‘उडी मारली होती, असे दिसते’ अशा थाटात बोलतो, जणू उडी दुसऱ्याच कोणी मारली. इतर अधिकारी चौकशी टाळतात, जिम एकटा तिला सामोरा जातो. त्याचे हे धैर्य खरे आहे. पण ‘मी पळालो’ एवढे साधे वाक्य त्याला कधी पुरे करता येत नाही, आणि ते पुरे न झाल्यामुळेच कादंबरी पुढे चालते. याच्या उलट, इसवी सनापूर्वी सातव्या शतकातला ग्रीक शिपाई-कवी आर्किलोकस ढाल झुडपापाशी टाकून पळाला, आणि जीव वाचला, ढाल दुसरी घेऊ, असे त्याने चार ओळींत सांगून टाकले. लाज नव्हती, तेव्हा चार ओळी पुरल्या.

स्टीफन क्रेनच्या १८९५ सालच्या ‘द रेड बॅज ऑफ करेज’ मध्ये हा बचाव आणखी सूक्ष्म होतो. अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यानंतर जन्मलेल्या या लेखकाने रणांगणातून पळालेल्या पोराच्या मनाचे चित्र रेखाटले आहे. जंगलात तो एका खारीला सुचीपर्णी झाडाचे फळ फेकून मारतो, खार पळते, आणि त्याला वाटते की निसर्गानेच आपल्या बाजूने कौल दिला. पुढे त्याच्याच बाजूचा एक पळणारा सैनिक बंदुकीचा दस्ता त्याच्या डोक्यात घालतो, साथीदार ती गोळीची जखम समजतात, आणि तो त्यांचा समज दूर करीत नाही. दुसऱ्या दिवशी तो बेभान होऊन लढतो. ते धैर्य म्हणायचे की खोटेपणा झाकण्याची धडपड, याचा निकाल लेखक देत नाही, आणि तो न देणे मला योग्य वाटते.

बाहेरून पाहणाऱ्याला हा निकाल नेहमीच सोपा वाटतो. गीतेत अर्जुन धनुष्य टाकून बसतो तेव्हा त्याच्या मनात आप्तांविषयीचा शोक असतो. तरी कृष्ण त्याला बजावतो की महारथी म्हणतील, तू भयाने रणातून मागे फिरलास. करुणेने खाली ठेवलेले धनुष्य आणि भीतीने टाकलेले धनुष्य समोरच्या सेनेला सारखेच दिसते. एकेकाळी उत्तराचे केस धरून त्याला रथाकडे आणणारा हाच अर्जुन आहे, आणि आता धीर देणारा सारथी त्याला लागतो आहे.

त्याच दिवशी, युद्धाच्या पहिल्याच दिवशी, उत्तर हत्तीवरून शल्यावर चालून जातो. हत्ती शल्याच्या रथाचे घोडे तुडवतो, शल्य शक्ती, म्हणजे भाल्यासारखे शस्त्र, फेकतो, ती कवच भेदून जाते आणि उत्तर खाली कोसळतो. पळताना त्याने कशाकशाचे आमिष दाखवले, ते कवीने मोजून सांगितले होते. चालून जाताना त्याच्या मनात काय होते, याविषयी कवी काहीच सांगत नाही.