जॅकपासून उलटं चालत जा

मंडळी, या टेबलावर काडेपेटीएवढा एक गाणी वाजवणारा प्लेअर उघडून ठेवलाय. माझाच आहे, त्यामुळे मोडला तरी कुणी ओरडणार नाही. असा स्वस्तातला प्लेअर उघडला की बहुतेक जण काय करतात? बोर्डावरची सगळ्यांत मोठी चिप शोधतात, तिच्यावरचा नंबर इंटरनेटवर टाकतात आणि 'माझ्या प्लेअरमध्ये अमुक डॅक आहे' म्हणून मोकळे होतात. डॅक म्हणजे गाण्याच्या आकड्यांचं विजेच्या लहरीत रूपांतर करणारी चिप. ती मोठी चिप बहुधा प्रोसेसर निघते, नाहीतर मेमरी. म्हणून डॅक शोधायला मी उलट्या टोकाने निघतो, हेडफोनच्या जॅकपासून.

त्याआधी बॅटरी सोडवायची. आणि झाकण हलकेच उचलायचं. मी पहिला प्लेअर उघडला तेव्हा घाईत डिस्प्लेची रिबन तोडली. पुढे तीन वर्षं तो छान वाजला, फक्त कोणतं गाणं वाजतंय ते दिसायचं नाही.

आता मल्टिमीटर बीपवर ठेवा, म्हणजे दोन जागा तारेने जोडलेल्या असल्या की तो वाजेल. जॅकचं टोकाचं टर्मिनल म्हणजे डावा चॅनल, त्यामागचं कडं उजवा आणि उरलेला भाग ग्राउंड. डाव्याला एक टोक लावून दुसरं बोर्डावर फिरवत न्या. वाटेत एखादा छोटा रेझिस्टर किंवा फेराइट (खरखर अडवणारा छोटा तुकडा) लागला तर तो ओलांडून पुढे जा. आधी काय भेटतं ते नीट बघा. मोठ्या कपॅसिटरांची जोडी भेटली, तर 'बेस नाही हो याच्यात' या तक्रारीचं मूळ बरेचदा तिथेच असतं. कपॅसिटर आणि हेडफोन मिळून खालचे सूर कापतात. २२० मायक्रोफॅरड आणि १६ ओहमचा हेडफोन असेल तर ही कात्री ४५ हर्ट्झच्या आसपास लागते. पैसे वाचवायला १०० मायक्रोफॅरडचा बसवला, तर थेट १०० हर्ट्झच्या घरात. शिव्या मात्र डॅकला.

कपॅसिटर नसेलच, तर दोन शक्यता. एक, हेडफोनला जोर देणारी चिप, म्हणजे ॲम्प, स्वतःच उणे व्होल्टेज तयार करतो. दुसरी, जॅकचं ग्राउंड हे खरं ग्राउंडच नाही. बॅटरी जोडून, प्लेअर चालू करून बॅटरीचं उणे टोक आणि जॅकचं ग्राउंड यांच्यात व्होल्टेज मोजा. दीडेक व्होल्ट दिसले तर समजा, ते शून्यावर नाही, मधल्याच पातळीवर तरंगतंय. असा प्लेअर चार्जिंगला लावलेला असताना घरच्या ॲम्पलाही जोडू नका.

यामागे डॅक असेलच का? स्वस्तातल्या प्लेअरमध्ये बरेचदा वेगळा नसतोच. २००५च्या पहिल्या आयपॉड शफलमध्ये सिग्माटेलची चिप होती: डिकोडिंग, डॅक, हेडफोन ॲम्प, सगळा संसार एकाच घरात. सॅनडिस्कच्या सान्सा क्लिपमध्ये ऑस्ट्रियामायक्रोसिस्टम्सची एएस३५२५ होती, तिथेही हेच. तिच्यातला डॅक कुठे म्हणून बोर्डावर शोधत बसलात तर संध्याकाळ होईल. याउलट पाचव्या पिढीच्या आयपॉडमध्ये वुल्फसनचा डब्ल्यूएम८७५८ वेगळा दिसतो, आणि एक्सडूओच्या एक्स३मध्ये सिरस लॉजिकचा सीएस४३९८. एकाच चिपमध्ये सगळं असणं म्हणजे आवाज वाईट, असं मी अजिबात म्हणणार नाही. क्लिप ऐकलेले लोक इथे असतील, ते सांगतील.

क्रिस्टलकडेही नजर टाका, म्हणजे चिपांना ठेका देणाऱ्या छोट्या डबीकडे. गाण्यांचे नेहमीचे नमुना-वेग दोन: ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झ. २२.५७९२ मेगाहर्ट्झ लिहिलेलं असेल तर ते ४४.१ किलोहर्ट्झच्या बरोबर ५१२ पट आहे; २४.५७६ हे ४८च्या ५१२ पट. दोन्ही दिसले तर डिझाइन करणाऱ्याने आवाजाचा विचार केलाय. नुसतंच २४ मेगाहर्ट्झचं एक असेल, तर आवाजाचं घड्याळ बहुतेक चिपच्या आत जुळवून घेतलेलं आहे.

मॉडेलचं नाव एकच, म्हणून आतला माल एकच असं धरून चालू नका. ऑक्टोबर २०२०मध्ये जपानमधल्या नोबेओका इथला, डॅक बनवणाऱ्या एकेएम कंपनीचा कारखाना जळाला. त्यानंतर कित्येक कंपन्यांना डॅक बदलून बोर्ड नव्याने आखावे लागले. दुसऱ्या कुणी काढलेला फोटो उपयोगी आहे, पण तो त्याच्या प्लेअरचा.

आता हा टेबलावरचा. जॅकपासून मागे आलो तर आठ पायांचा ॲम्प आणि त्याच्यामागे वीस पायांची चिप. तिच्यावरचा नंबर घासून काढलाय. नावच नाही, मग ओळखायची कशी? पायांवरून. भिंगातून बघा: दुसऱ्या आणि चौथ्या पायाच्या मध्ये एक छोटा कपॅसिटर आहे. सहाव्या आणि सातव्या पायातून डावा-उजवा बाहेर पडतो, हे मीटरने बीप करून सांगितलं. ही ठेवण टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या पीसीएम५१०२ए या डॅकच्या डेटाशीटशी, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकाशी, जुळते. त्या चिपचा पाचवा पाय उणे व्होल्टेजचा असतो. बॅटरी जोडतो, गाणं लावतो, काळी प्रोब ग्राउंडला, लाल पाचव्या पायाला. मागच्यांना दिसतंय का? उणे ३.३. बॅटरीत उणे काही नसताना हा आकडा कुठून आला? चिपच्या आतल्या चार्ज पंपाने, म्हणजे कपॅसिटर भरून-उलटून व्होल्टेज बनवणाऱ्या भागाने, तो बनवला, त्या छोट्या कपॅसिटरच्या मदतीने.

पण पीसीएम५१००ए, ५१०१ए आणि ५१०२ए या तिघांची पायरचना एकच आहे. फरक गोंगाटात: डेटाशीटप्रमाणे तो पूर्ण आवाजाच्या अनुक्रमे १००, १०६ आणि ११२ डेसिबल खाली असतो. नंबर घासलेला असताना यातला कोणता, हे पाय सांगणार नाहीत. जॅकवर गोंगाट मोजून कळेल म्हणाल, तर मधे हा ॲम्प बसलाय, आणि तो हटवता येणार नाही. कारण या डॅकला किमान हजार ओहमचा भार लागतो, १६ ओहमचा हेडफोन तो थेट चालवणारच नाही. जॅकवर मी गोंगाट मोजला तो ९४ डेसिबल खाली आला. म्हणजे ॲम्पने जे झाकलंय, त्याच्या पलीकडे तिघांपैकी कोणीही बसलेलं असू शकतं.